पोस्टकार्डांनी निवडून दिलेली जोडी

1973 सालच्या ब्रिटिश पॉप संगीताबद्दल आजवर जे लिहून आलंय ते वाचलं, तर त्या वर्षी सगळा देश उंच टाचांचे बूट घालून आणि गालांवर चमकी फासून फिरत होता असं वाटावं. डेव्हिड बोवीचा ‘अलॅडिन सेन’ त्याच वर्षीचा. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ही त्याच वर्षीचा. स्लेड नावाच्या चौकडीची गाणी तर बाजारात आल्याआल्या थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसत होती. पण त्या जुलैत स्लेडला पहिल्या जागेवरून उठवलं कुणी, हे सहसा कुणी सांगत नाही. उठवणारा एक चाळिशीतला अंध पियानोवादक होता आणि त्याच्या शेजारी उभं राहून गाणारी विशीतली एक नर्तकी. गाणं होतं ‘वेलकम होम’, आणि जोडीचं नाव पीटर्स अँड ली.

आठवड्याभरानं गॅरी ग्लिटर आला आणि चमकीचं राज्य पुन्हा सुरू झालं. पण त्याच उन्हाळ्यात या जोडीचा ‘वी कॅन मेक इट’ हा अल्बमही पहिल्या क्रमांकावर पोचला. पिंक फ्लॉइडच्या त्या जगप्रसिद्ध अल्बमला मायदेशात त्या वर्षी हे जमलं नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या वर तो गेलाच नाही. या एका गोष्टीवरून पीटर्स अँड ली पिंक फ्लॉइडपेक्षा थोर होते असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण लाखो माणसांनी पदरचे पैसे मोजून एखादी रेकॉर्ड घरी आणली, तर ती माणसं कोण होती आणि तिच्यात त्यांना काय मिळालं, हे विचारायला हवं. संगीताचा इतिहास लिहिणारे लोक सहसा तरुणपणी आपल्याला काय आवडलं त्याचा इतिहास लिहितात. ज्यांच्या घरी वर्षाला दोन-तीन रेकॉर्डी येतात, ज्यांना मासिकात परीक्षण लिहायचं नसतं, त्यांची आवड लिहायची राहून जाते. ही प्रस्तावना त्या राहून गेलेल्या भागाविषयी आहे. पुढल्या पानांत या जोडीच्या रेकॉर्डींची वर्षवार हकिगत आहेच. ती वाचण्याआधी हे दोघं कुठून आले, तेवढं सांगतो.

लेनी पीटर्स लंडनचा. पाच वर्षांचा असताना मोटारीच्या अपघातात त्याचा एक डोळा गेला. सोळाव्या वर्षी कुणीतरी फेकलेल्या विटेनं दुसरा गेला. नियतीचं क्रौर्य वगैरे शब्द इथे सुचतात खरे, पण लेनीच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं की ते वापरावेसे वाटत नाहीत. तो पियानो वाजवत, गात पोट भरू लागला. पबमध्ये, म्हणजे आवाज चढवल्याशिवाय कुणी मान वर करून बघणार नाही अशा जागी. तिथे गायकाला दोन गोष्टी शिकाव्या लागतात: गाण्याचा पहिला शब्द दाराशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचवायचा आणि कुणी फर्माइश केली तर ते गाणं आपल्याला येत नाही असं कधी म्हणायचं नाही. लेनीचा आवाज त्या शाळेतला होता: छातीतून येणारा, जरा खरखरीत, अमेरिकन काळ्या गायकांच्या ढंगाकडे झुकलेला. साठच्या दशकात त्याच्या एकट्याच्या काही रेकॉर्डी निघाल्या, पण त्या चालल्या नाहीत.

डायॅन ली शेफिल्डची. पोलादाच्या कारखान्यांचं ते गाव. ती नाचायची. नात्यातल्या एका बहिणीबरोबर ‘हेली ट्विन्स’ या नावानं जोडीचा कार्यक्रम करत क्लबांमधून फिरायची. गाणं हा तिचा मूळ धंदा नव्हता, आणि हे रेकॉर्डींवर ऐकूही येतं. तिचा आवाज पातळ, स्वच्छ, जराही न मिरवणारा. अशाच एका दौऱ्यावर तिची आणि लेनीची गाठ पडली. 1970 साली बोर्नमथला रॉल्फ हॅरिसच्या कार्यक्रमात दोघं पहिल्यांदा एकत्र उभे राहिले. सुरुवातीला नाव होतं ‘लेनी पीटर्स अँड मेलडी’, म्हणजे डायॅनला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. ते बदलून ‘पीटर्स अँड ली’ झालं आणि ती पाटीवर बरोबरीनं आली. (जाता जाता: रॉल्फ हॅरिस आणि गॅरी ग्लिटर, या कहाणीच्या कडेला उभे असलेले दोघेही त्या काळचे लाडके तारे पुढे लैंगिक गुन्ह्यांसाठी तुरुंगात गेले. तेव्हाच्या निर्मळ कौटुंबिक करमणुकीबद्दल हळवं होताना हेही लक्षात असावं.)

हे दोघं ज्या क्लबांमधून आले ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक तर जिमखाना येतो नाहीतर रात्री नाचायची जागा. उत्तर इंग्लंडातले ‘वर्किंग मेन्स क्लब’ यातलं काहीच नव्हते. हेन्री सॉली नावाच्या एका धर्मोपदेशकानं 1862 साली त्यांची मध्यवर्ती संस्था काढली. कामगारानं दारूच्या गुत्त्याऐवजी इथे यावं, वर्तमानपत्र वाचावं, व्याख्यान ऐकावं, असा त्याचा बेत. व्याख्यानांना फारसं कुणी आलं नाही. मग बिअर आली, आणि क्लब भरभराटीला आले. शंभर वर्षांनी चित्र असं होतं: खाणीच्या, गिरणीच्या, कारखान्याच्या गावात सभासदांच्या मालकीची एक इमारत, आत लांबलचक टेबलं, एका टोकाला छोटा रंगमंच, त्यावर क्लबचाच ऑर्गनवाला आणि ड्रमवाला. शनिवारी रात्री माणसं बायकांना घेऊन येणार. कार्यक्रम ठरवणारा एक ‘कॉन्सर्ट सेक्रेटरी’ असायचा. तोही सभासदांतलाच. दिवसा कुठेतरी कामावर, रात्री इथे कलावंतांचा काळ. गाणं रंगात आलेलं असताना माइक हातात घेऊन, सारण भरलेल्या गरम ‘पाइज’ आल्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी काउंटरवर यावं, असं जाहीर करायला तो मागेपुढे पाहायचा नाही. मधेच बिंगो व्हायचा आणि त्या वेळी मात्र टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. कलावंत पसंत पडला नाही तर अर्ध्यातच पैसे हातावर ठेवून त्याला वाटेला लावायचे.

याच धर्तीचे काही क्लब फार मोठे झाले. यॉर्कशरमधलं बॅटली हे जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा कापड विणणारं लहानसं गाव. तिथे 1967 साली खाजगी मालकीचा ‘बॅटली व्हरायटी क्लब’ उघडला आणि दुसऱ्याच वर्षी खुद्द लुई आर्मस्ट्राँग तिथे वाजवायला आला. लंडनच्या वर्तमानपत्रांना याचं केवढं नवल! गिरणीकामगारांना मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. चांगलं तिकीट लावलं होतं, चांगला माणूस आला.

अशा ठिकाणी तयार झालेल्या कलावंताला ‘सोपं’ गाणं म्हणता येतं म्हणून हिणवायचं असेल, तर हिणवणाऱ्यानं आधी एक शनिवार तिथे काढून दाखवावा. ‘ईझी लिसनिंग’ या प्रकाराबद्दल समीक्षकांच्या मनात कायमची अढी आहे. व्हायोलिनांचा ताफा, मागे कोरस, धक्का न देणारी चाल, घराविषयीचे नाहीतर विरहाविषयीचे शब्द: यात कसला कस लागतो, असा त्यांचा सूर. अडचण अशी की या गाण्यात लपायला जागा नसते. रॉकमध्ये गिटारचा कल्लोळ गायकाला सांभाळून घेतो. इथे शब्द न् शब्द ऐकू येतो आणि ऐकणारी बाई भांडी विसळत असते. तिचा हात थांबला पाहिजे. लेनीला ते जमायचं.

आता पोस्टकार्डांकडे येऊ. ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ हा आयटीव्हीवरचा नवोदितांच्या स्पर्धेचा कार्यक्रम. मूळचा रेडिओवरचा, 1949 पासूनचा, पन्नासच्या दशकात दूरचित्रवाणीवर आलेला. सूत्रधार ह्यूई ग्रीन: एक भुवई वर, आवाजात साखर, आणि आपण बोलतोय ते अगदी मनापासून, हे प्रत्येक वाक्याला बजावणारा. प्रत्येक स्पर्धकाबरोबर त्याची शिफारस करणारा कुणी असायचा, त्याच्याशी ग्रीन आधी गप्पा मारायचा, मग कलावंत पुढे. शेवटी स्टुडिओतल्या टाळ्या मोजणारं एक यंत्र दाखवत. त्याची सुई हलायची, लोक ओरडायचे, पण तो नुसता खेळ होता, हे ग्रीन दर वेळी सांगायचा. खरं मत घरी बसलेल्यांचं. ज्याला मत द्यायचं त्यानं पोस्टकार्ड घ्यायचं, नाव लिहायचं, अडीच पेन्सचं तिकीट लावायचं आणि पेटीत टाकून यायचं. आठवड्याभरात पोतीच्या पोती भरून कार्डं यायची, मोजली जायची, आणि जिंकणारा पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

आजच्या स्पर्धांमध्ये जाहिरात संपेपर्यंत अंगठ्यानं चार मतं टाकता येतात. कार्डाचं तसं नव्हतं. गाणं ऐकल्यावर ते मनात रात्रभर टिकायला हवं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाची पेटी दिसली की आठवायला हवं. आवड टिकाऊ आहे की नाही याची परीक्षा त्या व्यवस्थेत आपोआपच व्हायची. शिवाय पोस्टकार्ड लिहायची सवय कुणाला? आजीला, गृहिणीला, निवृत्त माणसाला. सोळा वर्षांचा पोरगा शिलकीतले पैसे स्लेडच्या रेकॉर्डीवर घालवेल, तिकिटावर नाही. म्हणजे कोण जिंकणार हे निम्मं त्या पद्धतीनंच ठरवलं होतं. याच कार्यक्रमातून 1968 साली वेल्सची मेरी हॉपकिन पुढे आली होती, त्याआधी विनोदी नट लेस डॉसन. 1973 मध्ये पाळी आली पीटर्स अँड लीची. आठवड्यामागून आठवडा कार्डं त्यांच्याच नावानं येत राहिली.

पडद्यावर ते दिसायचे कसे, हाही या यशाचा भाग आहेच. गडद चष्म्यातला, भरदार अंगाचा पुरुष आणि त्याच्या बाजूला उंच, सडपातळ मुलगी. तो तिला पाहू शकत नाही, ती त्याच्याकडे बघून गातेय. प्रेक्षकांनी त्यातून हवी ती गोष्ट तयार केली. हे नवरा-बायको असणार, असं कितीतरी लोक धरून चालले. तसं काही नव्हतं. लेनीचा संसार वेगळा होता. पण गाणी एकमेकांना उद्देशून, उभं राहणं खांद्याला खांदा लावून. मग गैरसमज झाला तर दोष कुणाचा? रेकॉर्ड कंपनीनं तो खोडून काढायची घाई केली असेल असं मला वाटत नाही. अंधत्वाचाही बाजार झाला का? थोडाफार झालाच. बातमीत नावाआधी ‘अंध गायक’ आल्याशिवाय राहायचं नाही. पण लेनी वीस वर्षं याच धंद्यात होता, तेव्हाही तो अंधच होता आणि त्या वीस वर्षांत त्याला कुणी अंध म्हणून पहिला क्रमांक दिला नव्हता.

स्पर्धा जिंकणारे पुष्कळ असतात, टिकणारे थोडे. या दोघांना एक नशिबाची गोष्ट लाभली: फिलिप्स कंपनी, आणि तिथला जॉनी फ्रान्झ. त्यानं डस्टी स्प्रिंगफील्डच्या, वॉकर ब्रदर्सच्या रेकॉर्डी केल्या होत्या. मोठ्या वाद्यमेळाला आवाजाच्या मागे कसं ठेवायचं, हे त्या पिढीत त्याच्याइतकं थोड्यांनाच कळत होतं. तो स्वतः पियानो वाजवणारा, गायकांना साथ करत वर आलेला. लेनीच्या खरखरीत आवाजाला त्यानं घासून गुळगुळीत केलं नाही. तो पुढे ठेवला आणि डायॅनचा पातळ सूर त्याच्या कडेनं चालवला. नीट ऐकलं तर कळतं की ती फार थोडं गाते, पण ती थांबली की गाणं एकदम पोरकं होतं.

‘वेलकम होम’ मूळचं फ्रेंच. ‘व्हीव्र’ या गाण्याच्या चालीवर ब्रायन ब्लॅकबर्ननं इंग्रजी शब्द बसवले. 1 जानेवारी 1973 ला ब्रिटन युरोपियन समुदायात सामील झालं, त्यावरून घराघरांत वाद झडत होते, आणि त्याच वर्षीचं सगळ्यात घरगुती इंग्रजी गाणं फ्रान्समधून यावं, ही गंमत तेव्हा कुणाच्या लक्षात आली नसावी. गाण्यात घडत काहीच नाही. दूर गेलेलं माणूस परत आलंय, त्याला आत घ्यायचं आहे. कुठे गेलं होतं, का गेलं होतं, कुणी चूक केली होती, काही सांगितलेलं नाही. बोटीवरचा नवरा, रुसून गेलेला मुलगा, इस्पितळातून आलेली आई, यापैकी कुणालाही ते लागू पडतं. गीतकारानं इतकी जागा रिकामी ठेवायला धाडस लागतं. ते वर्ष संपता संपता तेलसंकट आलं, डिसेंबरात दूरचित्रवाणी रात्री साडेदहालाच बंद व्हायला लागली आणि नव्या वर्षात वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीन दिवसांवर आले. घरात बसण्याशिवाय गत्यंतर नसलेल्या त्या हिवाळ्यातही ही रेकॉर्ड अनेक घरांत होती.

पुढचा प्रवास भराभर सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबर 1973 मध्ये राजघराण्यासमोरच्या वार्षिक रॉयल व्हरायटी कार्यक्रमात ते गायले. त्याच रात्री त्याच रंगमंचावर ड्यूक एलिंग्टन होता. 1974 च्या वसंतात ‘ॲबा’ या बँडचं ‘वॉटर्लू’ गाजत होतं तेव्हा यांचं ‘डोन्ट स्टे अवे टू लाँग’ तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. मग ‘रेनबो’, मग 1976 मध्ये ‘हे मिस्टर म्युझिक मॅन’, आणि त्यानंतर यादीत त्यांचं गाणं आलं नाही. अल्बम मात्र चांगले खपत. 1975 चा ‘फेव्हरिट्स’ दुसऱ्या क्रमांकावर गेला होता.

1976 हे वर्ष दिसलं की लेखकांचे हात शिवशिवतात. त्याच वर्षाच्या अखेरीस सेक्स पिस्टल्स या पंक बँडची पहिली रेकॉर्ड आली, म्हणून पंकनं या गुळगुळीत गाण्यांना देशोधडीला लावलं, असं लिहून मोकळं व्हायचं. मला हे पटत नाही. पीटर्स अँड लीचा एकही श्रोता पंककडे गेला नसेल. झालं ते वेगळंच आणि जास्त सावकाश. खाणी आणि गिरण्या बंद पडत गेल्या तसे क्लब ओस पडू लागले. बॅटलीच्या त्या मोठ्या क्लबनंही सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दार लावलं. जॉनी फ्रान्झ 1977 साली गेला. ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ 1978 मध्ये बंद झालं. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत, ब्लॅकपूलला, ग्रेट यारमथला, उन्हाळाभर एकच कार्यक्रम रोज दोनदा व्हायचा, कारण कामगार कुटुंबं तिथे आठवडा काढायला जायची. ती आता विमानानं स्पेनला जाऊ लागली. ही जोडी ज्या चार खांबांवर उभी होती ते एकेक करून असे निखळले. त्यांचं गाणं 1979 मध्येही तेच होतं जे 1973 मध्ये होतं. ते गाणं जिथून निघून जिथे पोचायचं, तो रस्ता उखडला गेला होता.

1980 साली दोघं वेगळे झाले. डायॅन नाटकांकडे वळली. नाताळातल्या पँटोमाइममध्ये, मुलं मोठमोठ्यानं ओरडून नटांना सावध करतात त्या प्रकारच्या खेळांत, ती काम करू लागली. लेनी एकटा गात राहिला, आणि 1984 मध्ये त्यानं एक भलतीच गोष्ट केली. स्टीफन फ्रिअर्सच्या ‘द हिट’ या चित्रपटात तो टोळीप्रमुख कॉरिगन झाला. जॉन हर्ट, टेरेन्स स्टॅम्प आणि पहिलाच चित्रपट करणारा टिम रॉथ यांच्या पंगतीत. भूमिका छोटी. पण ज्या चेहऱ्याला घराघरांतल्या आज्यांनी पोस्टकार्डं पाठवली होती, तोच चेहरा किती धमकावणारा दिसू शकतो, हे पाहून अंगावर काटा येतो. त्याच्या आवाजातला जो खरखरीतपणा फ्रान्झनं मुद्दाम ठेवला होता, तो कुठल्या दुनियेतून आला याची चुणूक त्या दृश्यांत मिळते. पुस्तक वाचायला घेण्याआधी हा चित्रपट पाहायला मिळाला तर जरूर पाहा.

1986 मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले. पहिला क्रमांक वगैरे आता कुणाच्या डोक्यात नव्हतं. नाट्यगृहं भरत होती, लोकांना तीच गाणी हवी होती, तेवढं पुरेसं होतं. 10 ऑक्टोबर 1992 ला हाडांच्या कर्करोगानं लेनी गेला. डायॅननं लग्न केलं ते रिक प्राइसशी. विझार्ड या रंगीबेरंगी केसांच्या, तोंडं रंगवणाऱ्या बँडमधला तो बास गिटारवाला. विझार्डचं ‘सी माय बेबी जाइव्ह’ 1973 च्या मेमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणजे ‘वेलकम होम’च्या जेमतेम दोन महिने आधी. इतिहासाच्या पुस्तकांत ही दोन गाणी एका पानावर सहसा येत नाहीत. डायॅन आणि रिकनं पुढे एकत्र कार्यक्रमही केले.

लेनीच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1995 मध्ये, ‘वेलकम होम’ पुन्हा घराघरांत वाजू लागलं, ते बटाट्याच्या वेफर्समुळे. फुटबॉलपटू गॅरी लिनेकर जपानमध्ये खेळून आपल्या लेस्टर गावी परततो, रस्त्यात लोक त्याचं स्वागत करतात, बाकावर बसलेला एक मुलगा त्याच्यापुढे वेफर्सची पिशवी धरतो, आणि आयुष्यात एकदाही पिवळं कार्ड न मिळालेला हा सज्जन खेळाडू ती पिशवीच हिसकावून चालता होतो. वॉकर्स कंपनीची ही जाहिरात इतकी गाजली की लिनेकर पुढे कित्येक वर्षं त्यांच्या वेफर्सच्या पिशव्या पळवत राहिला.